पांदणीतला चिखल आणि ऑफ-रोड ट्रायल : नवख्यांनी सुरुवात कशी करावी?

केनवड (ता. रिसोड) : पावसाळ्यात पांदण रस्त्याने खताची पोती शेतात नेणाऱ्याला ऑफ-रोड म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नाही. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरल्या की चाकाचा गुळगुळीत गोळा होतो आणि गाडी जागेवरच फिरते. याच प्रकाराचा शहरात आता खेळ झाला आहे. मोबाईलवर थार आणि जिम्नीच्या रील बघून गावाकडच्या पोरांनाही त्याची ओढ लागली आहे.

बरेच जण ट्रायलला शर्यत समजतात. पण ट्रायलमध्ये वेगाला किंमत नसते. चढ, नाला, दगड अशा अवघड जागी खुंट्या रोवून अरुंद वाट आखलेली असते. खुंटीला धक्का न लावता आणि न थांबता पलीकडे निघायचं. चुकीला गुण लागतात, म्हणून ज्याचे गुण कमी तो जिंकतो. मोटारसायकलच्या ट्रायलमध्ये पाय एकदा टेकला तर 1 गुण, तीन वा जास्त वेळा टेकला तर 3, आणि गाडी हद्दीबाहेर गेली की थेट 5. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची अशी स्पर्धा 1909 पासून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे गोव्यात 2014 पासून ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरते, पण ती मुरलेल्यांची. नवख्याने तिथे आधी बघायला जावं.

गाडी नवीनच हवी असं नाही. जुनी जीप किंवा जिप्सी चालते, मात्र चारही चाकांना जोर देणारी आणि ‘लो’ गिअर असलेली पाहिजे. थार म्हणजे फोर बाय फोरच, हा समज चुकीचा आहे. 2023 पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते. जुनी गाडी घेताना दुसरा छोटा गिअर दांडा आहे का आणि तो खरंच पडतो का, हे चालवून बघावं. मोठे टायर आणि दिव्यांच्या माळा नंतर. आधी सीटबेल्ट नीट करा.

चालवण्याचं तंत्र साधं आहे, पण सवय मोडावी लागते. उतारावर लो पहिला गिअर टाकून क्लचवरून पाय काढायचा, गाडी इंजिनच्या जोरावर धरली जाते. चढ सरळ चढायचा. तिरपी घातली की उलटते. चढावर गाडी बंद पडली तर वळवायची नाही. ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायचा आणि आली त्याच वाटेने हळू खाली यायचं. स्टेअरिंगच्या आत अंगठा अडकवू नये, दगडाला चाक आपटलं की स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो. नाल्यात गाडी घालण्याआधी काठीने खोली बघावी. वाहत्या पुरात तर गाडी घालूच नये. इंजिनने पाणी ओढलं तर खर्च बैलजोडीएवढा येतो! चिखलात टायरची थोडी हवा कमी केली की पकड वाढते, पण डांबरीवर यायच्या आधी ती परत भरावी लागते.

फसलेली गाडी काढताना जास्त धोका असतो. ट्रॅक्टरला साखळी बांधून झटका मारायची आपल्याकडची पद्धत वाईट. साखळी किंवा हुक तुटला तर गोळीसारखा येतो. दोर चेसिसच्या हुकलाच बांधावा, मागच्या टोइंग गोळ्याला कधीच नाही. दोरावर ओली घोंगडी टाकावी आणि बघ्यांना लांब उभं करावं. ट्रॅक्टरची ओढ खालच्या ड्रॉबारलाच हवी. वर बांधली की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.

आता कागदाची बाजू. ई-क्लास, गायरान किंवा वनविभागाची जमीन मोकळी दिसली म्हणून गाडी घालू नये, परवानगी लागते. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून गेलात तर भांडण ठरलेलं. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा कागदही नीट वाचावा. खासगी गाडीच्या साध्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ वगळलेले असतात. म्हणजे तिथे गाडी उलटली तर भरपाईची आशा धरू नका.

अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया (एफएमएससीआय) या संस्थेचा परवाना लागतो. शिकायला महिंद्राने इगतपुरीजवळ प्रशिक्षणाची जागा उभारली होती. जाण्याआधी फोन करून ती सध्या सुरू आहे का ते विचारावं. तोवर सोयाबीन निघाल्यावर स्वतःच्या रिकाम्या वावरात चार खुंट्या रोवून सराव करता येतो. एकट्याने मात्र नाही, ओढून काढायला दुसरी गाडी जवळ हवी.