पेव

‘गावोगावी क्लासचं पेव फुटलंय’ असं पेपरात वाचलं की मला वाटतं, लिहिणाऱ्यानं पेव कधी बघितलं नसणार. मी बघितलंय. फुटताना बघितलंय.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. आमच्या मंगळवेढ्याकडचं रान काळं, ज्वारीचं. पण गाव बसलेलं पांढरीवर. त्या पांढरीत पेव खणायचं. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र रांजणासारखं मोठं. आतनं शेणानं सारवायचं, तळाला नि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी तोंडापर्यंत भरायची. वर पुन्हा कडबा, मग फरशी आणि चिखलाचं लिंपण. आत हवा गेली नाही की किडा जगत नाही, एवढंच त्याचं शास्त्र. पण जिथं किडा जगत नाही तिथं माणूसही जगत नाही. म्हणून फरशी काढली की पेव दिवसभर उघडं ठेवायचं आणि मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. घाई करणारी माणसं आत गुदमरून मेलेली आहेत.

रोजच्या खाण्याचं धान्य बळदात असायचं. बियाणं तुराट्यांच्या कणगीत, राख आणि लिंबाचा पाला घालून. कारण पेवातली ज्वारी नीट उगवत नाही. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. मापताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं.

ज्यांना रान नव्हतं ते बेगमी विकत करायचे. शाळेचे मास्तर सुगीत खळ्यावर येऊन वर्षाची ज्वारी एकदम घ्यायचे. सुगीत भाव पडलेला असतो, आषाढात चढतो. सुगीत ज्याच्या हातात पैसा, त्याला वर्ष स्वस्त जायचं. ज्याच्याकडे नाही, तो आठवड्याच्या बाजारात पायली-पायली घ्यायचा आणि वर्षाअखेर मास्तरांपेक्षा जास्त मोजायचा. गरिबाची भाकरी महाग पडते ती अशी. नाहीतर मोठ्या घरातनं वाढीदिढीनं आणायची. आज एक पायली, सुगीत दीड.

आमच्या तालुक्याला दामाजीपंतांची कथा लहानपणापासून सांगतात. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार रयतेला खुलं केलं. कीर्तनात ती ऐकताना आमचे आण्णा डोळे पुसायचे. पण आण्णांचं स्वतःचं पेव गोठ्यात होतं, गव्हाणीखाली. त्यात जुन्या चांगल्या सुगीची दोन खंडी ज्वारी होती.

१९७२ साली मी बारा वर्षांचा. आदलं वर्ष ओढीचं गेलेलं, त्या वर्षी तर रब्बीची पेरणीच धड झाली नाही. बळद रिकामं झालं. आई म्हणाली, “पेव काढा.” आण्णा म्हणाले, “म्होरलं साल कसं येतंय कुणाला ठावं? आन् काढलं तर गावाला कळंल. लेव्हीवाले येतील, मागणारे येतील. कुणाकुणाला न्हाई म्हणू?”

मग आम्हीही रेशनच्या रांगेत उभं राहिलो. अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापताना चिरायची, घशाखाली उतरायची नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मुलांना सुकडी मिळायची, ती मी खाल्लीय. गाव समजायचं, यांच्या घरातपण काही राहिलं नाही.

एकाच माणसाला खरं माहीत होतं. आमचे सालगडी तात्या. पेव भरायला तेच आत उतरले होते. त्यांची चार पोरं माझ्याबरोबर त्याच रांगेत असायची. धाकटी पोर त्या उन्हाळ्यात वाळून काटकी झाली. तात्यांनी पेवाचं नाव बाहेर काढलं नाही आणि घरात येऊन पायलीभर मागितलीही नाही. आण्णांनी द्यायची वाट ते बघत असतील.

१९७३ चा पाऊस झाला, ओढा वाहिला, तेव्हा आण्णांचा जीव खाली पडला. म्हणाले, “आता काढू.” कंदील सोडला, जळत राहिला. तात्या उतरले. बराच वेळ आवाज नाही. मग खालनं म्हणाले, “मालक, पानी लागलंय.”

दोन उन्हाळ्यांत वरचं लिंपण तडकलं होतं आणि पहिल्याच पावसाचं पाणी आत मुरलं होतं. निम्मी ज्वारी काळी पडून गोळा झाली होती. तो वास गोठ्यात महिनाभर होता. जनावरंसुद्धा तोंड लावेनात. आण्णा गव्हाणीवर बसून राहिले. उरलेल्यातली दोन पोती आईनं त्यांना न विचारता तात्यांच्या घरी पाठवली. पुढं कीर्तनात दामाजीपंत आले की आण्णा उठून बाहेर जायचे.

आण्णा वाईट नव्हते. सहा खाणारी तोंडं आणि आभाळाचा भरवसा नाही, असा माणूस घाबरतोच. पण बेगमी कशासाठी, हे भीतीत विसरायला होतं.

ते पेव आम्ही बुजवलं. आता उजनीचं पाणी आलंय, निम्म्या रानात ऊस आहे. जुनी मालदांडी दोन एकरांवर राहिली. गहू मीच सुगीत बाजारातनं घेतो, चार पोती. माणशी रोज अर्धा किलो धरला तर वर्षाला सुमारे १८० किलो धान्य लागतं. तेवढंच ठेवतो, वर दोन महिन्यांचं. कडक ऊन देऊन, निववून पत्र्याच्या कोठीत भरतो. जुनं आधी संपवायचं, मग नवं काढायचं. घरात विषारी गोळ्या टाकत नाही.

तात्या आता नाहीत. सुगी झाली की पहिलं पोतं मी त्यांच्या मुलाकडे पोचवतो. तो म्हणतो, “कशाला आणता काका? रेशनचं मिळतंय की आता.” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. कारण त्याला कधी सांगितलं नव्हतं. ते इथं लिहिलं.