ठाण्यावरचा उलटा घाव

भाईंदर पूर्वेच्या खाडीकाठी उभे राहिले की वसईच्या मोहिमेचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. पूर्वेला घोडबंदर, पश्चिमेला खाडीच्या मुखाशी धारावीचा डोंगर आणि त्याच्या समोर पैलतीरावर वसईचा किल्ला. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाण्यासह साष्टीचा बहुतेक भाग घेतला. वसई मात्र हाती आली नाही आणि युद्ध लांबले. या मोहिमेविषयी बोलताना आपण थेट 1739 च्या सुरुंगांवर आणि चिमाजी अप्पांच्या एल्गारावर येतो. त्याआधीची एक घटना मागेच राहते. 1738 च्या अखेरीस पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचा सेनापती पेद्रो द मेलो आरमार घेऊन ठाण्यावर चालून गेला. ठाणे अवचित परत घेऊन साष्टीतला मराठ्यांचा पाय उखडायचा, हा बेत होता. तो फसला, आणि वसईचा निम्मा निकाल तिथेच लागला, असे माझे मत आहे.

अवचित हल्ल्याचे सारे बळ गुप्ततेत असते. इथे तीच राहिली नाही. मुंबईकर इंग्रजांनी या चालीची खबर मराठ्यांना आधीच दिली होती. ठाण्याच्या तोफा सज्ज होत्या आणि खुद्द द मेलो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. ठाणे हुकले, हे नुकसान त्यामानाने लहान; खरी हानी पुढची. त्याच्या जागी आलेला मार्तिन्यु द सिल्व्हेरा वसईच्या वेढ्यात पडला आणि किल्ला खाली करण्याचा करार करणे कायतान द सोझा परेराच्या नशिबी आले. सहा महिन्यांच्या आत तीन सेनापती! गोव्याहून कुमक येण्याची आशाही मावळली होती, कारण 1739 च्या आरंभी मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत शिरून मडगावपर्यंत पोचले होते. वसईकरांनी मुंबईकडे हात पसरले, तेव्हा चर्चची चांदी आणि काही तोफा तारण ठेवून 15,000 रुपयांचे कर्ज तेवढे मिळाले. जिथे नवी माणसे मिळणार नाहीत, तिथे हातची माणसे पणाला लावण्याची किंमत अशी चुकवावी लागते.

यावर कोणी म्हणेल, चिमाजी अप्पा तर येणारच होते. द मेलो गप्प बसला असता तरी वसई पडलीच असती. आक्षेप रास्त आहे. मराठ्यांची तयारी त्या हल्ल्यातून जन्मली, असे म्हणता येणार नाही. पण गडाचा बचाव भिंतींइतकाच माणसांवर आणि वेळेवर अवलंबून असतो. फेब्रुवारी 1739 मध्ये नादिरशहाने कर्नाळला मोगलांचा पराभव केला होता आणि बाजीरावांचे लक्ष उत्तरेकडे लागले होते. वसई पावसाळ्यापर्यंत टिकती, तर वेढा उठवावा लागण्याची शक्यता खरी होती. पोर्तुगिजांना विजयाची नव्हे, चार महिन्यांची गरज होती, आणि ती टिकाव धरण्याची ताकदच त्यांनी ठाण्यापुढे खर्च केली. डिसेंबर 1944 मध्ये आर्देनच्या जंगलातून जर्मनीने दोस्तांवर असाच घाव घातला. तिथे गुप्तता टिकली, सुरुवातीचे यशही मिळाले. तरी राखीव फौज तिथे खर्ची पडली आणि जानेवारीत सोव्हिएत फौजा पूर्वेकडून चालून आल्या तेव्हा तिची उणीव भासली.

पण फसलेल्या हल्ल्यामुळे जिंकणाऱ्याचा मार्ग सोपा झाला, असेही नाही. जानेवारी 1739 मध्ये तारापूर घेताना मराठा सरदार बाजी भीवराव पडले. मार्चमध्ये धारावी मराठ्यांनी घेतली आणि खाडीच्या मुखावरचा पहारा पक्का झाला. वसईपुढे मात्र सुरुंग आणि एल्गार यांत माणसे पडतच राहिली. इतिहासकार ग्रँट डफ या वेढ्यात मराठ्यांचे 5,000 हून अधिक आणि पोर्तुगिजांचे 800 मृत व जखमी सांगतो. सारे गमावलेला शत्रू शेवटच्या भिंतीआड अधिकच निकराने लढतो. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ल्यातल्यांना हत्यारांसह, मानाने बाहेर पडू दिले. आणखी रक्त सांडण्यापेक्षा किल्ला हवा, हे ओळखणारा तो निर्णय होता आणि मोहिमेतला तो सर्वांत शहाणा निर्णय ठरला. धारावीच्या डोंगरावर विजयाचे स्मरण करताना खाडीच्या दोन्ही तीरांवर पडलेल्या माणसांची आठवणही ठेवावी.