मुठीखालची कडी

लष्करी किंवा पोलिसी बनावटीचे जुने रिव्हॉल्व्हर उलटे धरून मूठ खालून पाहिली, की तिथे एक छोटी पोलादी कडी दिसते. नेम धरायला, काडतुसे भरायला किंवा बार काढायला तिचा काही उपयोग नाही. तरीही दीडशेहून अधिक वर्षे ती आपली जागा धरून आहे. या काळात पिस्तुलाला काय काय जोडले गेले! संगीन आली, खांद्याला लावायचा लाकडी दस्ता आला, पाचशे मीटरपर्यंतचे आकडे कोरलेली नेमाची पट्टी आली, हस्तिदंती आणि शिंपल्याच्या मुठी आल्या. यातले बहुतेक गळून पडले. पिस्तुलावरची कोणती जोड पैशाच्या मोलाची आणि कोणती नुसती शोभेची, हे आजचा परवानाधारकही विचारतो. त्याचे उत्तर या कडीच्या कुळकथेत सापडते.

कथा आपल्याच पालघरच्या किनाऱ्यापासून सुरू करू. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव अशी ठाणी घेत पोर्तुगीजांच्या तारापूरच्या कोटाला भिडून सुरुंग लावले, तट फोडला आणि आत मुसंडी मारली. याच हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेटरेकर कामी आले. त्या काळचे युरोपीय पिस्तूल चकमकीचे आणि एकबारी होते. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, कानात दारू घालायची, मग बार. तटावर चढताना किंवा हातघाईत हे पुन्हा करायला उसंत कुठली? एक बार झाला की पिस्तूल बाजूला आणि हात तलवारीकडे. म्हणून स्वार पिस्तुलांची जोडी बाळगत आणि मुठीच्या टोकाला पितळेची जड टोपी असे, म्हणजे रिकामे पिस्तूल सोट्यासारखे हाणता येई. गलबतावरच्या खलाशांच्या पिस्तुलाला कुशीवर पोलादी आकडा असे. तो कमरपट्ट्यात अडकवला की दोर धरून चढायला दोन्ही हात मोकळे. टोपी आणि आकडा या दोन्ही जोडण्या गरजेपोटीच आल्या होत्या. कडी मात्र तेव्हा फारशी दिसत नाही, कारण झाडलेले एकबारी पिस्तूल हातातून पडले तरी फारसे काही बिघडत नव्हते.

कडीची गरज भासली घोड्याच्या पाठीवर. एका हातात लगाम, खाली धावणारे जनावर, अशा स्थितीत ठासणीचा गज निसटला तर पिस्तूल पुढच्या सगळ्या लढाईपुरते निकामी. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाच्या पिस्तुलांत गज नळीच्या तोंडाशी खिळीवर फिरता बसवला. तो बाहेर ओढता येई, उलटा करून ठासता येई, पण सुटून पडत नसे. चकमक जाऊन आघाताने पेटणाऱ्या टोपीची पिस्तुले आली, तेव्हा त्याच न्यायाने कंपनीच्या अनेक घोडदळी पिस्तुलांच्या मुठीवरच्या पितळी टोपीलाच कडी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती हिंदुस्थानात रुळली होती.

तिला खरे मोल आणले रिव्हॉल्व्हरने. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले आणि एका हत्यारात पाच-सहा बार आले. आता ते हातातून पडले तर एक नव्हे, सगळे उरलेले बार गेले. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले, त्याच्या मुठीखाली कडी होतीच. तिची घडण नीट पाहण्यासारखी आहे. ती खुंटीवर सैल फिरते, त्यामुळे दोरीला पीळ बसत नाही. दोरीचा एक फास कडीत आणि दुसरा खांद्यावर. लांबी अशी धरायची, की हात पूर्ण लांब केल्यावरही दोरी ताणली जाऊ नये आणि हत्यार सुटले तर ते पायाशी न लोंबता हाताच्या टप्प्यातच राहावे. बस, एवढेच काम. पण हे काम दुसरा कोणताही भाग करत नाही.

त्याच वेब्लीला पहिल्या महायुद्धात संगीन जोडण्याचा प्रयत्न झाला. खंदकात काडतुसे संपली तर भोसकता यावे, हा प्रिचर्ड नावाच्या कॅप्टनचा हेतू. ग्रीनर या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने ती तयार केली, पण सैन्याने अधिकृतपणे कधीच स्वीकारली नाही आणि ती मोजकीच बनली. कारण उघड आहे: सहा गोळ्या संपेपर्यंत शत्रू अंगावर आलेला असतो आणि तेव्हा आखूड मुठीवरची सुरी हाताळण्यापेक्षा हातातली कुदळ बरी. कल्पना कागदावर छान होती, पण ती ज्या प्रसंगासाठी होती तो प्रसंग आधीच वेगळ्या हत्याराने निभावला जात होता.

कधी कधी जोडण्यापेक्षा काढण्यातच शहाणपण असते. १९३२ साली ब्रिटिश सैन्यात एन्फील्ड रिव्हॉल्व्हर आले. रणगाड्याच्या अरुंद पोटात चढता-उतरताना त्याच्या घोड्याचे (हॅमरचे) अंगठ्याने ओढायचे टोक तारांत, पट्ट्यांत अडकू लागले. १९३८ च्या सुधारित नमुन्यात ते टोक छाटून टाकले. मुठीची कडी मात्र तशीच ठेवली.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाच्या मूळ रूपात पाचशे मीटरपर्यंतची नेमाची पट्टी आणि मागे लाकडी दस्ता अडकवायची खाच होती. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कारखान्याने चीनसाठी याच घडणीची पिस्तुले केली आणि साध्या, स्थिर नेमाची दुसरी आवृत्तीही काढली. इछापूरच्या रायफल कारखान्याने पुढे बनवलेले भारतीय ९ मिमी पिस्तूल त्याच वंशातले. त्यात ना पाचशे मीटरची पट्टी, ना खाच. एवढ्या अंतरावर पिस्तुलाने नेम साधणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आणि लाकडी दस्ता वागवायचाच तर सरळ रायफल वागवावी. तेरा गोळ्यांच्या त्या साध्या पिस्तुलावर टिकून राहिली ती मुठीची कडी.

आता शोभेकडे वळू. शोभा म्हणजे सगळी फुकट, असे मी म्हणणार नाही, कारण इतिहास तसे सांगत नाही. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या चक्रीवर आरमारी लढाईचे चित्र कोरलेले असे. दिसायला ते सुरेख होतेच, पण नकली माल ओळखायलाही त्याची मदत होई. निकेलच्या मुलाम्याचेही तसेच. चकचकीत रिव्हॉल्व्हर ही एकेकाळी श्रीमंतीची खूण होती. पण सातपाटी, मुरबे, तारापूरच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड काय होते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खिडकीचे गज, सायकलची साखळी, कोयत्याचे पाते, एका पावसाळ्यात सगळ्यांवर तांबेरा चढतो. घामाचा हात आणि दमट होल्स्टर यांत पिस्तुलाचेही तेच होते. निकेलचा मुलामा चमकत असे आणि गंजालाही रोखत असे. पुढे स्मिथ अँड वेसन कंपनीने १९६५ मध्ये स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर काढले आणि ते काम वरच्या थराकडून धातूकडेच आले. पोलादात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम मिसळले, की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर धरतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस पोलादाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना हे रोजचे आहे. दागिना म्हणून आलेली चमक अशी उपयोगाची झाली.

कडीच्या दोरीचा प्रवास याच्या उलट झाला. खांद्यावरून खिशात जाणारी दोरी आजही पोलिसांच्या गणवेशावर दिसते, पण ती पुष्कळदा शिट्टीची असते आणि संचलनात तिचा रंग व वेणी हीच तिची ओळख. जी दोरी हत्यार पडू नये म्हणून आली, ती गणवेशाची शोभा होऊन राहिली. तरी तिचे मूळ काम संपलेले नाही. केळवे किंवा सातपाटीच्या सागरी पोलिसाने हलत्या होडीवरून मच्छीमार बोटीवर उडी मारताना हत्यार निसटले, तर ते समुद्राच्या तळाला गेले. तिथे दोरी हवीच.

मग आजचा माणूस काय बघतो? आपल्याकडे नागरिकाला सहसा मिळते ते .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल. पालघर, बोईसर, डहाणूकडे त्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन अवघे अर्धा किलो आणि दागिन्यांची असते तशी पेटी. वजन कमी होणे हा खरा गुण आहे, पण हलके हत्यार बार काढताना जास्त उसळते, हेही तितकेच खरे. पेटीने यातले काहीच बदलत नाही. २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आले. त्याची चक्री बाजूला उघडते, म्हणजे भरण्यासाठी हत्यार मधून मोडावे लागत नाही. ही जोड थेट हाताच्या कामाला लागते, म्हणून मी तिला मोलाची म्हणतो.

टॉर्च आणि लेझरबद्दल मात्र सावध राहावे. नळीखाली बसवलेला दिवा अंधारात दाखवतो हे खरे, पण ज्याच्यावर प्रकाश पडतो त्याच्यावर नळीही रोखलेली असते. घरातला मुलगा पाणी प्यायला उठला असेल, तर आधी दिवा आणि मगच हत्यार हा क्रम हवा. पिस्तुलावरचा दिवा हा क्रम पुसून टाकतो. सामान्य घरासाठी हातातला वेगळा टॉर्च बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्यातून निघणारी कसोटी सोपी आहे. ही जोड काढली तर नेमके काय गमावेन, असे विचारावे. कडी काढली तर हत्यार गमावेन, हे उत्तर घोडेस्वाराने, शिपायाने आणि खलाशाने दिले, म्हणून ती राहिली. संगिनीचे उत्तर कोणालाच देता आले नाही.

परवाना असलेल्यांना माझी विनंती आहे: शिंपल्याच्या मुठीवर किंवा लेझरवर पैसे घालण्याआधी कुलूपबंद पेटी घ्या, काडतुसे वेगळी ठेवा, पावसाळ्यात हत्यार नियमित पुसून तेल द्या आणि मान्यताप्राप्त रेंजवर हात बसवा. एवढे करूनही उणीव उरली, तरच नव्या जोडीचा विचार करा.