शिवणीतली माया

होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्यामागून मराठी कुटुंबे माळव्यात, ग्वाल्हेरीस आणि गुजरातेत स्थिरावली. त्यांच्या इतिहासात पगड्या, शेले आणि महेश्वरी लुगडी यांची वर्णने पुष्कळ आढळतात. नित्याच्या कापडाचे पुढे काय होई, हे मात्र क्वचितच लिहिले गेले. दप्तरात खरेदीची नोंद होते. जुन्याचे नवे केल्याची होत नाही. शासकीय सेवेची पस्तीस वर्षे कागदपत्रांत गेल्यामुळे आम्हांस ही उणीव विशेष जाणवते.

‘जुनेर’ हा मराठीतला नेमका शब्द. वापरून विरलेल्या लुगड्यास वा धोतरास तो लावतात. नऊवारी लुगडे सर्वत्र सारखे विरत नाही. बसण्याउठण्याचा मधला भाग आधी झिजतो, टोके धड राहतात. विरलेला भाग कापून धड तुकडे एकमेकांस जोडणे, यास ‘दंड घालणे’ म्हणत. तेवढेही कापड उरले नाही म्हणजे त्यातून मुलींचे परकर निघत. काठ कापून ठेवले जात व नव्या परकराला लागत. अनेकदा धुऊन मऊ झालेल्या सुताची बाळंतविड्यासाठी झबली, कुंच्या आणि दुपटी होत. उरलेले तुकडे थरावर थर घालून, धावदोऱ्याने गोधडीत जात. गोधडी फाटली की पोतेरे.

हे काम प्रथम हातसुईचेच होते. १८५१ साली आयझॅक सिंगरने अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि त्या शतकाच्या अखेरीस ही यंत्रे आपल्याकडे येऊ लागली. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र काढले. दरम्यान १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभारले होते. स्त्रियांना, विशेषतः विधवांना, स्वतःच्या पायावर उभे करण्याच्या तेथील शिक्षणात शिवणकामास स्थान मिळाले. घरातली जुनेरे सांधणारा हात अशा रीतीने चार पैसे मिळवू लागला.

दुसऱ्या महायुद्धात या कौशल्याची खरी कसोटी लागली. गिरण्यांचे पुष्कळ कापड लष्कराकडे जाऊ लागले, भाव भडकले आणि १९४३ साली सरकारला कापड व सूत नियंत्रण आदेश काढावा लागला. गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस चालणाऱ्या आमच्या इंदुरातही कापडाची टंचाई होती. १९४८ च्या आरंभी नियंत्रणे उठली, भाव पुन्हा चढले आणि त्याच वर्षी ती परत आणावी लागली. आमच्या मातोश्री या काळात वाढल्या. त्यांच्या हाताला लागलेले वळण पुढे सुबत्तेतही गेले नाही.

आम्ही शाळेत असताना काकांचा जुना लोकरी कोट आमच्या वाट्यास आला. मातोश्रींनी तो पूर्ण उसवला, कापड उलटवून आतली ताजी बाजू वर घेतली आणि आमच्या मापाने बेतला. कापड उलटल्याने छातीचा खिसा डावीकडून उजवीकडे गेला. वर्गात एकाने ते अचूक हेरले. घरी येऊन आम्ही कोट खुंटीला अडकवला आणि पुन्हा घालणार नाही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी खिशाची चीर रफू केली. खूण राहिलीच, पण कोट आम्ही तीन हिवाळे घातला. बाह्यांत त्यांनी भरपूर माया ठेवली होती. दरवर्षी टीप उसवून ती थोडी सोडत, आणि दुमडीत राहिलेला गडद पट्टा मनगटाशी दिसे.

या काटकसरीचा गौरव करताना एक गोष्ट लपवू नये. जुनेराची वाटणी घरातल्या मानानुसार होई. दंड घातलेले लुगडे बहुधा सुनेच्या किंवा आश्रित विधवेच्या अंगावर असे, आणि शिवणारीच्या श्रमाचा हिशेब कोणत्याही वहीत नसे. मातोश्रींना त्या काळी नवे लुगडे कधी मिळाले, हे आम्ही विचारले नाही. आता विचारायला त्या नाहीत.

पुढे टेरिलीन व टेरिकॉट आले. ते लवकर विरत नाही आणि पाणी शोषत नाही. त्याचे ना दुपटे होते ना चांगली गोधडी. जुने कपडे बोहारणीकडे जाऊन स्टीलची पातेली घरात आली. तयार कपडे स्वस्त झाले आणि पायमशीनवर अभ्रा चढला.

सभासदांच्या घरी एखादी गोधडी अजून ट्रंकेत असेल. ती देऊन टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीस जवळ बसवावे आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, लुगडे कोठून आलेले आणि टाके कोणी घातलेले, एवढे लिहून घ्यावे. आमच्या घरी हे करावयाचे राहून गेले.