नावाची वाटणी

आमच्या घरची वाटणी १९८४च्या उन्हाळ्यात झाली. आंधळगावात तेव्हा वाटणीसाठी कोर्टात जाणं कमीपणाचं समजलं जाई. पाच जाणती माणसं ओसरीवर बसली, चहा झाला आणि मोजणी सुरू झाली. खड्डामाग तीन. धोटे, फण्या, तयार ताणा. कोशांची पोती. घड्या करून ठेवलेलं कापड. वहीतली उधारी, त्यातली बुडीत कोणती आणि येणारी कोणती. सगळ्याचे दोन वाटे पडले. माग बाबांकडे राहिले, कारण ते घरातल्या मातीत रोवलेले होते. काकांनी कापड आणि उधारी घेतली.

शेवटी बाबांनी विचारलं, "आन् नावाचं काय?"

पंचांतले एक हसून म्हणाले, "नाव का मागावर चढते का बाप्पा?"

सगळे हसले. मी बारावी वाणिज्यला होतो, दाराआड उभा होतो, मीही हसलो. बाबा मात्र त्या हसण्याबद्दल पुढे पंचवीस वर्षं बोलत राहिले. आबाजींचं नाव कापडाच्या कोपऱ्यावर शाईनं लिहिलेलं असे आणि नागपुरात इतवारीतले दुकानदार ते पाहून घडी न उलगडता माल ठेवून घेत. वाटणीनंतर काका तेच नाव लिहून त्याच दुकानांत गेले. बाबांच्या घड्या दुकानदार उलगडून पाहू लागले.

आता मी नागपुरात हिशेबाचं काम करतो. भागीदारी मोडते, कंपनीतले भाऊ भांडतात, तेव्हा धंद्याची किंमत काढून देणं आणि बोलावलं तर साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ती किंमत कशी काढली हे सांगणं, हा त्यातला एक भाग. म्हणजे बाबांचा प्रश्न मी पोटापाण्यासाठी रोज सोडवतो. त्यांचा स्वतःचा मात्र परवापरवापर्यंत सोडवला नव्हता.

ज्यांना गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आंधळगाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. ओळख एकच, कोसा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा हा टसर. पूर्व विदर्भातल्या जंगलांत ढीवर समाजाची माणसं ते किडे पाखरांपासून राखत वाढवतात. कोष गावात येतात, उकळले जातात आणि बायका ते मांडीवर घासत सूत काढतात. मग कांड्या भरायच्या, ताणा करायचा, माग चालवायचा. करवतीच्या दातांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी विणायची तर दोन्ही काठांचे आणि अंगाचा असे तीन धोटे लागतात. विणणारा पुरुष मागावर दिसतो. सूत काढणारी बाई घराच्या आतल्या अंगाला असते, म्हणून फोटोत येत नाही. हे वाक्य आत्ता सोडून द्या, पुढे लागेल.

तर नाव. वाणिज्यच्या मराठी पुस्तकांत याला 'ख्याती' म्हणतात, कोर्टात सगळे 'गुडविल' म्हणतात. इंग्रज न्यायाधीशांनाही ते चिमटीत पकडायला बराच काळ लागला. १८१० साली बाथ-ब्रिस्टलकडून लंडनला माल नेणाऱ्या गाड्यांच्या धंद्यावरून खटला झाला, तेव्हा लॉर्ड एल्डन यांनी सांगितलं की गुडविल म्हणजे जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी येत राहण्याची शक्यता, बस. १९०१ साली मार्गारीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात लॉर्ड मॅक्नॉटन यांनी कबूल केलं की ही वस्तू वर्णन करायला सोपी आणि व्याख्येत बसवायला फार अवघड. गिऱ्हाईक ओढून आणणारी ती एक शक्ती आहे. मला सगळ्यांत आवडतात ते १९३४चे न्यायमूर्ती स्क्रटन. त्यांनी गिऱ्हाइकांचे प्राणी केले. मांजर घराला धरून राहतं, मालक बदलला तरी. कुत्रा माणसामागे जातो. उंदीर ना घराचा ना माणसाचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. बाबांनी घर घेतलं होतं, मांजर येईल या भरवशावर. इतवारीचे दुकानदार निघाले कुत्रे, आणि ते चालले काकांमागे, कारण मालाची घडी घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या पायऱ्या काकाच चढले होते.

आपल्याकडे १९३२च्या भागीदारी कायद्याच्या चौदाव्या कलमानं गुडविलला पेढीच्या मालमत्तेत स्पष्ट जागा दिली. आमच्यासारखी एकत्र कुटुंबाची मिळकत या कायद्यात बसत नाही ते वेगळं, पण विचार तोच. तरी कागदावरची जागा प्रत्यक्षात मिळवायला भांडावं लागलंच. मुंबईत मेघजी थोभण आणि कंपनी नावाची मुकादमीची पेढी होती. तिचा एक भागीदार वारला. करारात लिहिलं होतं की मृत्यूनं पेढी मोडणार नाही, उरलेल्यांनी चालवावी. उरलेले म्हणाले, मग नावही आमचंच. वारसांनी दावा लावला. १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धंदा चालू ठेवण्याचा हक्क म्हणजे मेलेल्या माणसाचा नावातला हिस्सा गिळण्याचा हक्क नव्हे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जे. सी. शहा.

त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, याच शहांच्या लेखणीतून देशातला सर्वांत मोठा नावाचा हिशेब बाहेर पडला. १९ जुलै १९६९ला वटहुकूम काढून १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या होत्या. ५० कोटींच्या वर ठेवी ही अट. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. १९३५ साली नोंदलेली आणि मराठी मध्यमवर्गाला आपली वाटणारी. भागधारकांना भरपाई द्यायची ती मालमत्तेतून देणी वजा करून. इमारती, रोखे, कर्जं मोजायची आणि नाव सोडून द्यायचं. आमच्या ओसरीवरची मोजणी, फक्त शून्यं जास्त. स्वतंत्र पक्षाचे रुस्तम कूपर भागधारक म्हणून कोर्टात गेले, नानी पालखीवाला त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि अकरापैकी दहा न्यायाधीशांनी कायदा पाडला. पाडण्याची कारणं एकाहून अधिक होती, पण माझ्या धंद्याला भिडणारं कारण हे की चालता धंदा घेतला आणि भरपाई सुट्या वस्तूंची दिली, ही भरपाईच नव्हे.

राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे लोक या निकालाला धनिकांचा विजय म्हणत, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण बाबांना मी हा निकाल समजावून सांगितला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना बँकेशी काही घेणं नव्हतं. कोणीतरी मोठ्या माणसानं नावाला किंमत असते असं लिहून ठेवलंय, एवढंच त्यांना हवं होतं.

पुढे काय झालं हे मी त्यांना सांगितलं नाही. चारच दिवसांत, १४ फेब्रुवारीला, नवा वटहुकूम आला. या वेळी तत्त्व वगैरे काही नाही, प्रत्येक बँकेपुढे थेट आकडा. सेंट्रल बँक साडेसतरा कोटी. बँक ऑफ महाराष्ट्र २ कोटी ३० लाख. चौदांचे मिळून ८७ कोटी ४० लाख. त्यात नावाचे किती हे आकड्यावरून कळत नाही. मग पंचविसावी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेतला 'भरपाई' हा शब्द काढून तिथे 'रक्कम' हा शब्द बसवला, म्हणजे ती पुरेशी आहे का हे विचारण्याची वाटच बंद. शब्द बदलून हिशेब मिटवण्याची ही युक्ती मी नंतर अनेक कुटुंबांत पाहिली. थोरला भाऊ 'हिस्सा' म्हणायचं थांबतो आणि 'तुला काहीतरी देऊ' म्हणू लागतो.

आता माझ्यासारख्यांकडे वळतो. पुराव्याचा कायदा १८७२चा, फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला. सर्वसाधारण साक्षीदारानं फक्त पाहिलं-ऐकलं ते सांगायचं, मत द्यायचं नाही. पंचेचाळिसाव्या कलमानं तज्ज्ञाला ती मुभा दिली: परदेशी कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर या बाबतींत. धंद्याची किंमत काढणं शास्त्र की कला हे कोणी मला उलटतपासणीत विचारलं नाही, हे माझं नशीब. २०२४च्या जुलैपासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे, कलमाचा आकडा ३९ झालाय. तज्ज्ञ अजून मतच देतो.

आणि मतं दोन निघतात. त्याच वह्या, तेच पाच वर्षांचे ताळेबंद. मी एक आकडा काढतो, समोरच्या पक्षाचा तज्ज्ञ त्याच्या अडीचपट काढतो. दोघंही खोटं बोलत नसतो. पुढचा नफा किती धरायचा, जोखीम किती, मालकाचा स्वतःचा पगार खर्चात घ्यायचा की नाही, या तीन-चार निवडींत सगळं असतं. न्यायाधीशांना हे माहीत असतं. टाटांची टॉम्को, म्हणजे ५०१ साबण आणि हमामवाली कंपनी, हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा टॉम्कोच्या १५ शेअरांना लिव्हरचे २ असं प्रमाण ठरलं. वाय. एच. मालेगाम यांनी काढलेल्या किमतीवर आक्षेप घेत कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९४ साली न्यायालयानं सांगितलं की जाणकारानं मान्य पद्धतींनी किंमत काढली आहे, भागधारकांनी प्रचंड बहुमतानं स्वीकारली आहे. आम्ही पुन्हा बेरीज-वजाबाकी करत बसणार नाही. व्यवहार म्हणून बरोबर आहे. पण याचा अर्थ असा की निवडी पडद्याआड राहतात आणि आकडा तेवढा पुढे येतो.

मला माझ्या घराकडे परत ढकललं ते एका उदबत्तीच्या पेढीनं. बेंगळुरूची ही उदबत्त्या बनवणारी भागीदारी १९६५च्या अखेरीस मोडली, गुडविलची किंमत दीड लाख ठरली आणि आयकर खातं भांडवली नफ्यावर कर मागू लागलं. १९८१ साली श्रीनिवास शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, नफा काढायचा तर खरेदीची किंमत हवी. आणि धंद्यातून आपोआप उपजलेलं नाव कोणत्या दिवशी जन्मलं, त्यावर किती खर्च झाला, हे सांगताच येत नाही. म्हणून कर नाही. सरकारनं १९८७च्या वित्त कायद्यानं तोड काढली: अशा नावाची खरेदी-किंमत शून्य समजावी.

शून्य. मला ते खटकलं. नाव आपोआप उपजतं? मग आमच्या घरचं कसं उपजलं?

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आबाजींच्या शेवटच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि कोर्टासाठी करतो तसा हिशेब केला. सरासरी नफा वर्षाला १८,००० रुपये. गावातल्या म्हाताऱ्या विणकरांना विचारून त्या काळची मजुरी दिवसाला १२ धरली, वर्षाचे ३०० दिवस. बाबा आणि काका दोघांचे झाले ७,२००. अडकलेलं भांडवल अंदाजे ३०,०००, त्यावर बारा टक्क्यांनी व्याज ३,६००. उरले ७,२००. हा अधिक नफा, म्हणजे नावामुळे आलेला. आमच्यात वहिवाट तीन वर्षांची पट लावण्याची. नावाची किंमत २१,६००, निम्मी बाबांची. त्या काळी १०,८०० रुपये म्हणजे आणखी माग आले असते, किंवा माझ्या थोरल्या बहिणीचं कॉलेज सुटलं नसतं.

बाबांचं खरं ठरलं म्हणून मी क्षणभर खूश होतो. मग लक्षात आलं की मी पुरुषांचीच मजुरी धरली आहे. आजी, माय आणि काकू तिघी कोसा काढत होत्या, कांड्या भरत होत्या. वहीत बाहेरच्या एका विणकराची मजुरी दर आठवड्याला लिहिलेली आहे. या तिघींची ओळ कुठेही नाही. दिवसाला ५ रुपये धरले तर तिघींचे ४,५०० झाले आणि नावाची किंमत उतरून ८,१०० राहिली. ८ धरले तर अधिक नफा उरतच नाही.

इतवारीतला दुकानदार घडी न उलगडता ठेवून घेई, कारण सूत एकसारखं असे. गाठ नाही, जाड-बारीक नाही. ते आजीच्या मांडीवरून आलेलं. बाबा आणि काका पंचवीस वर्षं ज्यासाठी एकमेकांच्या दारात गेले नाहीत, ते नाव म्हणजे बरंचसं तीन बायकांचे न लिहिलेले पैसे होते. पंच हसले ते चूक होतं असं मी अजूनही म्हणतो, पण बाबांनी मागितलं तेही त्यांचं एकट्याचं नव्हतं. माझ्या अहवालांत मी मालकाचा पगार नेमानं वजा करतो. मालकिणीचा किती वेळा केला, हे आठवून पाहिलं आणि पुढे आठवायचं थांबवलं.

दरम्यान करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या कायद्याचं चोविसावं कलम म्हणतं की असं नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही; वापरणारा वारला तर त्याचा हक्क तेवढा वारसाकडे जातो. ते त्या भागातल्या बनवणाऱ्या सगळ्यांचं. कलम वाचताना मला बनवणाऱ्यांच्या यादीत कोणाकोणाची नावं चढतात हे बघायची इच्छा झाली. कोष काढणाऱ्या बायकांची चढायला हवीत.

माय आता ब्याऐंशीची आहे. कागद तिच्यासमोर ठेवून मी सगळं वाचून दाखवलं. दिवसाला ५, दिवसाला ८, वर्षाचे ३०० दिवस. तिनं मांडीवर हात फिरवत ऐकून घेतलं. तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे.

"रातचं धरलं का, बाबू?" ती म्हणाली.