टॉफीचा हिशेब



‘गोड खाऊ नकोस, दात किडतील’ हे आपण नातवंडांना रोज सांगतो. पण गोडाचं वजन महत्त्वाचं की गोड किती वेळा खाल्लं ते, हे विज्ञानाला कसं कळलं, ती कथा मन अस्वस्थ करणारी आहे.

स्वीडनमध्ये लुंड शहरात विपेहोल्म नावाची संस्था होती. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं तिथे राहत. त्या काळी स्वीडनमध्ये दातांची कीड घरोघरी होती. तिचं कारण शोधण्यासाठी १९४५ मध्ये या संस्थेत सरकारी प्रयोग सुरू झाला. पुढे रहिवाशांचे गट पाडले. काहींना साखर फक्त जेवणाबरोबर दिली, काहींना दोन जेवणांच्या मधे, दाताला चिकटून राहील अशी मुद्दाम बनवलेली टॉफी दिली. एका गटाला तर दिवसाला २४ टॉफ्या! खर्चात साखर आणि मिठाईच्या उद्योगांचाही वाटा होता.

निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. अधूनमधून खाल्लेल्या चिकट गोडाने ती झपाट्याने वाढली. पुढे स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट द्यायची प्रथा रुजली, ती आजही आहे.

मी कॉमर्सची, म्हणून मला हे जमाखर्चासारखं दिसतं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि दातातले क्षार झिजतात, हा खर्च. मग लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि क्षार परत भरते, ही जमा. दर तासाला काहीतरी तोंडात टाकलं, तर जमेला वेळच मिळत नाही.

ज्यांची लाळच कमी, त्यांचं खातं आधीच तोट्यात. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेले रुग्ण आणि तोंड कोरडं पाडणारी औषधं घेणारे आपल्या घरातले वडीलधारे यांना धोका सर्वांत जास्त. सारखा साखरेचा चहा, गोड मुखवास, खोकल्याच्या गोळ्या चघळणं त्यांनी टाळावं. फ्लोराइडची टूथपेस्ट दोनदा वापरावी, थुंकल्यावर भरपूर पाण्याने चूळ भरू नये. जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा दातांवरचा लेप लागेल का, हे दंतवैद्यांना विचारावं. चौविहार करणाऱ्यांनी पच्चक्खाणाआधीच दात घासून घ्यावेत.

बियासणाच्या दिवशी आपण दोनदाच बसून जेवतो. ते व्रत संयमासाठी, दातांसाठी नव्हे. पण दातांनाही त्यात विसावा मिळतो.

मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांच्या दातांवर हे ज्ञान उभं आहे, त्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. त्यांची संमती कोणी घेतली नाही. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची संमती हवीच, असं न्यूरेम्बर्गच्या निकालाने १९४७ मध्ये जगाला सांगितलं. इकडे टॉफ्यांचं वाटप त्यानंतरही चालूच होतं. अहिंसा म्हणजे केवळ जीव न घेणं नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बोलू न शकणाऱ्याचं दुःखही मोजायचं असतं.

घरात अंथरुणाला खिळलेलं, स्वतःचे दात घासू न शकणारं कोणी असेल, तर आज रात्री त्यांचे दात आपण हलक्या हाताने स्वच्छ करू या.