अ‍ॅक्शन पार्क : मौजेच्या नावाखाली मांडलेला जीवघेणा खेळ

१/ गिरडसारख्या यात्रेच्या गावी आकाशपाळण्यात बसताना आपण एक गोष्ट मनोमन गृहीत धरतो : हा पाळणा कोणीतरी तपासलेला असेल. अमेरिकेतील एका उद्यानाने लोकांचा हाच विश्वास अठरा वर्षे पणाला लावला. त्या उद्यानाचा हा इतिहास. 🧵

२/ न्यू जर्सी राज्यातील व्हर्नन हा डोंगराळ प्रदेश. हिवाळ्यात तेथे स्कीइंगसाठी गर्दी, उन्हाळ्यात मात्र उतार ओस. त्या रिकाम्या उतारांवरून उत्पन्न मिळावे म्हणून युजीन मल्व्हिहिल या उद्योजकाने १९७८ मध्ये अ‍ॅक्शन पार्क सुरू केले.

३/ नेहमीच्या उद्यानात यंत्र माणसाला फिरवते. येथे वेग पाहुण्याच्याच हाती होता. 'अल्पाइन स्लाइड' म्हणजे डोंगरावरून उतरणारी लांबलचक पन्हळ. तीवरून छोट्या गाडीत बसून खाली यायचे. आधाराला ब्रेकचा एकच दांडा. गाडी पन्हळीबाहेर उडाली, तर खाली खडक.

४/ 'कॅननबॉल लूप' तर त्याहून अचाट. बंद नळीतील घसरगुंडी, आणि शेवटी उभे पूर्ण वर्तुळ! वेग कमी पडला की माणूस वर्तुळाच्या माथ्यावरून मागे कोसळे. १९८५ मध्ये जेमतेम महिनाभर चालवून ती बंद करावी लागली.

५/ १९८० ते १९८७ या काळात उद्यानात सहा जण दगावले. पहिला मृत्यू अल्पाइन स्लाइडवरील १९ वर्षांच्या तरुणाचा. तिघे लाटांच्या तलावात बुडाले. गोड्या पाण्यात माणूस समुद्रातल्याइतका सहज तरंगत नाही, हे अनेकांच्या ध्यानी येत नसे. एकाला पाण्यात विजेचा धक्का बसला. एकाचे हृदय गार पाण्यात पडल्यावर बंद पडले.

६/ मग हे चालले कसे? मल्व्हिहिल यांनी केमन बेटांवर नावापुरती विमा कंपनी उभी केली होती. १९८४ मध्ये त्यांनी या फसवणुकीसंबंधीचे गुन्हे न्यायालयात कबूल केले. तरीही उद्यान आणखी बारा वर्षे चालले आणि १९९६ मध्ये बंद पडले.

७/ सेथ पोर्जेस आणि ख्रिस चार्ल्स स्कॉट यांचा 'क्लास अ‍ॅक्शन पार्क' हा माहितीपट २०२० मध्ये आला. शीर्षकातच श्लेष आहे : 'क्लास अ‍ॅक्शन' म्हणजे अनेक पीडितांनी मिळून केलेला दावा. पूर्वार्धात जुने पाहुणे आणि कर्मचारी आपल्या जखमांच्या गोष्टी हसत सांगतात. मग पहिल्या मृत तरुणाचे कुटुंब बोलू लागते, आणि ते हसू प्रेक्षकाच्या ओठांवरच थिजते.

८/ जे वाचले, त्यांच्यासाठी तो काळ रम्य आठवण ठरला. जे गेले, त्यांना आठवणी सांगता येत नाहीत. म्हणूनच 'आमच्या वेळी असलेच खेळ असत, काही बिघडले नाही' हे वाक्य इतिहासाचा पुरावा मानता येत नाही.

९/ पुढच्या यात्रेत पाळण्यात चढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : याची तपासणी कोणी आणि कधी केली? तो विचारण्यात भित्रेपणा नाही.